रुळांवरील सीमा आणि राज्याचा अधिकार



राष्ट्राची सीमा म्हटली की डोळ्यांसमोर हिमशिखरे येतात, वाळवंटातील तारांचे कुंपण येते आणि बंदूक घेऊन उभा असलेला जवान येतो. हे चित्र खरे असले तरी अपुरे आहे. सीमा ओलांडणारा प्रत्येक जण रात्रीच्या अंधारात कुंपणाखालून सरपटत येत नाही. कोणी तिकीट काढून, मुलाबाळांसह, आप्तेष्टांसाठी घेतलेल्या वस्तूंची गाठोडी सांभाळत आगगाडीने येतो. अशा प्रवाशापुढे राष्ट्राचे सार्वभौमत्व बंदुकीच्या रूपात उभे राहत नाही. मेजामागे बसलेला एक अधिकारी, त्याच्या हातातील शिक्का आणि त्याला कायद्याने दिलेला अधिकार, एवढेच त्याचे रूप असते. हा अधिकार कोणाचा, तो कोठे वापरायचा आणि त्याची मर्यादा कोणती, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विमान आणि मोटार यांच्यापेक्षा आगगाडीचा प्रश्न वेगळा आहे. विमानातील प्रवासी एकाच ठिकाणी उतरतात आणि विमानतळाची रचनाच अशी असते की तपासणीवाचून कोणाला बाहेर पडता येत नाही. मोटार किंवा मालमोटार सीमेवरील फाटकापाशी थांबवता येते. आगगाडीत मात्र शेकडो प्रवासी एकाच वेळी असतात. ती देशाच्या अंतर्भागातून निघते, वाटेतील स्थानकांवर थांबते, आणि प्रत्यक्ष सीमारेषा काही क्षणांत मागे टाकते. तेथे गाडी अडवून प्रत्येकाची कागदपत्रे पाहायची तर तासन्तास खोळंबा होतो. गाडी न अडवता सोडायची तर कोण आत आले याचा पत्ता लागत नाही. म्हणून सीमा ओलांडणारी गाडी सुरू करताना रूळ जोडणे हे तुलनेने सोपे काम असते. अधिकारांची जुळणी करणे हेच अवघड ठरते.

या जुळणीचे भारतातील सर्वांत परिचित उदाहरण अटारीचे आहे. १९७२च्या सिमला करारानंतर संबंध पूर्ववत करण्याच्या प्रयत्नांतून २२ जुलै १९७६ रोजी समझौता एक्सप्रेस सुरू झाली. प्रारंभी ती अमृतसर आणि लाहोर यांच्या दरम्यान धावत असे. पुढे पंजाबातील अशांततेच्या काळात सुरक्षेच्या कारणास्तव तिचा भारतीय टप्पा अटारीलाच संपवण्यात आला. दिल्लीहून येणारा प्रवासी अटारीला सर्व सामानासह उतरे, पारपत्र आणि व्हिसा दाखवी, सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे पेट्या उघडी आणि मग सीमेपलीकडे जाणाऱ्या गाडीत बसे. काही किलोमीटरवर वाघा येथे पाकिस्तानी अधिकाऱ्यांपुढे तोच विधी पुन्हा पार पाडावा लागे. वृद्ध माणसे, तान्ही मुले आणि लग्नकार्याला निघालेली कुटुंबे यांच्या दृष्टीने हा प्रवास कष्टाचा होता. तरीही लोक तो करीत, कारण फाळणीने दुभंगलेल्या घरांना एकमेकांना भेटण्याचा तोच परवडणारा मार्ग होता.

या पद्धतीत सीमेवरची तपासणी कडक होती, परंतु सीमेपर्यंतच्या प्रवासाचे काय? या प्रश्नाचे उत्तर अतिशय क्रूर रीतीने पुढे आले. १८ फेब्रुवारी २००७च्या रात्री दिल्लीहून अटारीकडे निघालेल्या गाडीत पानिपतजवळ दिवाना स्थानकाच्या परिसरात स्फोट झाले. दोन डबे पेटले आणि ६८ जणांचा बळी गेला. मृतांत बहुसंख्य पाकिस्तानी नागरिक होते, तसेच भारतीयही होते. स्फोटके सुटकेसमधून गाडीत चढवण्यात आली होती. या खटल्यात पंचकुला येथील विशेष न्यायालयाने २० मार्च २०१९ रोजी चारही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्यामुळे अपराध नेमका कोणाचा, हा प्रश्न मृतांच्या नातलगांपुढे तसाच उभा राहिला. आजच्या विषयापुरता धडा असा की, ज्या गाडीतील प्रवासी सीमेपलीकडे जाणार आहेत, त्या गाडीची सीमा तिच्या पहिल्या फलाटापासूनच सुरू होते. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या तपासणी-मेजावर कितीही दक्ष अधिकारी बसवला, तरी सुटण्याच्या स्थानकावर चढलेली पेटी त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच घात करू शकते.

पंजाबाप्रमाणेच राजस्थानातही एक लोहमार्ग सीमेपार जातो. मुनाबाव आणि खोकरापार यांच्या दरम्यानचा हा मार्ग १९६५च्या युद्धात बंद पडला आणि ४१ वर्षांनी, १८ फेब्रुवारी २००६ रोजी, थार एक्सप्रेसच्या रूपाने पुन्हा सुरू झाला. जोधपूरजवळील भगत की कोठी आणि कराची ही तिची दोन टोके होती. या गाडीचे महत्त्व केवळ नातेवाइकांच्या भेटीपुरते नव्हते. सिंधमधील अनेक हिंदू कुटुंबे रीतसर व्हिसा घेऊन या गाडीने जोधपूरला आली आणि परत गेली नाहीत. जमीन, घर आणि पिढ्यांचा शेजार मागे टाकून, व्हिशाची मुदत संपल्यावरही ती येथेच राहिली. कायद्याच्या कोरड्या भाषेत ती मुदत उलटून राहिलेली परकी माणसे होती. वस्तुतः ती आश्रयाला आलेली होती.

येथे सीमेवरील अधिकाराची दुसरी बाजू दिसते. अधिकार म्हणजे केवळ अडवण्याची शक्ती नव्हे. समोर उभा असलेला मनुष्य कोण आहे आणि तो का आला आहे, हे ओळखण्याची जबाबदारीही त्यात आहे. हे काम एकट्या अधिकाऱ्याच्या दयाबुद्धीवर सोडून चालत नाही. त्याला कायद्याचा आधार द्यावा लागतो. ७ सप्टेंबर २०१५च्या अधिसूचनांनी पाकिस्तान आणि बांगलादेशातून धार्मिक छळामुळे किंवा त्याच्या भीतीने ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना पारपत्रविषयक आणि परकीय नागरिकविषयक तरतुदींतून सवलत मिळाली. १ सप्टेंबर २०२५ रोजी निघालेल्या आदेशाने, अफगाणिस्तानसह या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०२४पर्यंत आलेल्या याच समुदायांतील लोकांना कागदपत्रांच्या अभावी होणाऱ्या कारवाईतून सूट दिली. ऑगस्ट २०१९मध्ये समझौता आणि थार या दोन्ही गाड्या बंद पडल्या. आश्रयाची गरज मात्र गाड्यांच्या वेळापत्रकावर अवलंबून नसते.

पश्चिम सीमेवरचा हा अनुभव पाहिल्यावर पूर्वेकडे वळणे उद्बोधक ठरेल. १४ एप्रिल २००८ रोजी, बंगाली नववर्षाच्या दिवशी, कोलकाता आणि ढाका यांच्या दरम्यान मैत्री एक्सप्रेस सुरू झाली. तिची प्रारंभीची व्यवस्था अटारीसारखीच होती. भारताच्या बाजूला गेदे आणि बांगलादेशाच्या बाजूला दर्शना येथे प्रवाशांना सामानासह उतरावे लागे. दोन्ही ठिकाणी रांगा लागत आणि प्रवासातील कित्येक तास त्यांतच जात. शासकीय अधिकारी आपले काम चोख करीत होते, परंतु त्या कामाची जागा चुकली होती.

नोव्हेंबर २०१७मध्ये ही जागा बदलण्यात आली. कोलकाता स्थानकावरच भारतीय अधिकाऱ्यांनी निर्गमनाची तपासणी पूर्ण करावी, प्रवासी गाडीत बसल्यावर त्यांना वाटेत उतरू देऊ नये आणि ढाका छावणी स्थानकावर बांगलादेशी अधिकाऱ्यांनी प्रवेशाची तपासणी करावी, अशी व्यवस्था झाली. परतीच्या प्रवासात हाच क्रम उलट होता. त्यामुळे प्रवासाचे सुमारे तीन तास वाचले. त्याच वेळी कोलकाता आणि खुलना यांना जोडणारी बंधन एक्सप्रेस सुरू झाली आणि जून २०२२मध्ये न्यू जलपाईगुडी ते ढाका ही मिताली एक्सप्रेस आली. जुलै २०२४मध्ये बांगलादेशातील अशांततेमुळे या तिन्ही गाड्यांची वाहतूक स्थगित झाली. राजकीय वादळात गाडी थांबू शकते. परंतु व्यवस्थेचा धडा त्यामुळे खोटा ठरत नाही. तपासणी सीमेवरून काढून स्थानकात आणल्याने सुरक्षा ढिली पडली नाही. उलट गाडीत चढण्यापूर्वीच प्रत्येक प्रवासी आणि त्याचे सामान अधिकाऱ्यांच्या नजरेखालून गेले.

या व्यवस्थेत प्रत्येक देशाचे अधिकारी आपापल्या भूमीवरच राहिले. यापुढचे पाऊल युरोपातील दोन जुन्या साम्राज्यांनी उचलले. शतकानुशतके एकमेकांशी लढलेल्या ब्रिटन आणि फ्रान्स यांनी समुद्राखालून बोगदा काढण्याचा करार १२ फेब्रुवारी १९८६ रोजी कँटरबरी येथे केला. सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या या बोगद्याचे उद्घाटन ६ मे १९९४ रोजी झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनहून पॅरिस आणि ब्रुसेल्सकडे जाणाऱ्या युरोस्टार गाड्या सुरू झाल्या. समुद्राने सहस्रावधी वर्षे राखलेली ब्रिटनची सीमा आता एका भुयारातून ओलांडता येणार होती. तिचे रक्षण कसे करायचे, याचा विचार बोगदा उघडण्यापूर्वीच झाला होता. २५ नोव्हेंबर १९९१ रोजी सँगाट येथे झालेल्या पूरक कराराने एका देशाच्या अधिकाऱ्यांना दुसऱ्या देशाच्या भूमीवरील नेमून दिलेल्या क्षेत्रात आपल्या देशाचा सीमाविषयक कायदा चालवण्याची मुभा दिली. मे २०००मधील अतिरिक्त कराराने ही व्यवस्था लंडन, पॅरिस आदी स्थानकांवरील प्रवाशांच्या तपासणीपर्यंत नेली. तेव्हापासून पॅरिसच्या स्थानकावर फ्रेंच अधिकाऱ्याच्या मेजापासून काही पावलांवर ब्रिटिश अधिकारी बसतो आणि लंडनमध्ये फ्रेंच अधिकारी बसतो.

परकी अधिकाऱ्याने आपल्या भूमीवर आपला कायदा चालवावा, हे ऐकताच कोणत्याही स्वाभिमानी नागरिकाच्या कपाळावर आठी पडेल. भारताने वसाहतवादी सत्तेचा अनुभव घेतलेला असल्याने येथे ती अधिकच पडेल. परंतु या कराराची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. तो परस्पर आहे; जो अधिकार एकाला मिळाला, तोच दुसऱ्यालाही मिळाला. तो क्षेत्राने बांधलेला आहे. नेमून दिलेल्या भागाबाहेर त्या अधिकाऱ्याला तो अधिकार नाही. तो विषयाने बांधलेला आहे. प्रवेश, सीमाशुल्क आणि तत्सम सीमाविषयक बाबींपलीकडे तो जात नाही. त्याला क्रम आहे. निघण्याच्या देशाची तपासणी आधी, पोहोचण्याच्या देशाची नंतर. आणि ज्याला प्रवेश नाकारला गेला, त्याला परत स्वीकारण्याचे बंधन निघण्याच्या देशावर आहे. जो अधिकार स्वेच्छेने, लेखी, मोजून आणि बरोबरीच्या मोबदल्यात दिला जातो, त्याने सार्वभौमत्व घटत नाही.

मोजमापात जेथे चूक राहते, तेथे काय होते, हेही याच गाडीने दाखवले. ब्रुसेल्सहून लंडनला जाणाऱ्या काही गाड्या वाटेत फ्रान्समधील लील येथे थांबत. बेल्जियम आणि फ्रान्स हे दोन्ही देश शेंगेन क्षेत्रातील असल्याने त्यांच्या दरम्यान सीमातपासणी नव्हती. त्यामुळे ब्रुसेल्सहून केवळ लीलपर्यंतचे तिकीट काढलेल्या प्रवाशाची तपासणी करण्याचा अधिकार तेथील ब्रिटिश अधिकाऱ्यांना मिळत नव्हता. असा प्रवासी लीलला न उतरता तसाच बसून राहिला, तर तो ब्रिटिश तपासणीवाचून थेट लंडनला पोहोचे. ही पळवाट ध्यानात आल्यावर लंडनला उतरणाऱ्यांची पुन्हा तपासणी करण्याची वेळ ब्रिटनवर आली. तीन देश, अद्ययावत यंत्रणा आणि प्रशिक्षित अधिकारी असूनही केवळ एका थांब्याने भिंतीला भगदाड पाडले. अधिकारी निष्काळजी नव्हते. कायद्याच्या दोन तुकड्यांच्या मध्ये फट राहिली होती.

दुसरे उदाहरण ॲमस्टरडॅमचे आहे. एप्रिल २०१८मध्ये लंडनहून ॲमस्टरडॅमला थेट युरोस्टार धावू लागली. परंतु ॲमस्टरडॅमहून लंडनला येणाऱ्या प्रवाशाला मात्र ब्रुसेल्सला उतरून, तेथे तपासणी करून घेऊन, दुसऱ्या गाडीत बसावे लागे. रूळ तेच, गाडी तीच. परंतु नेदरलँड्सच्या भूमीवर ब्रिटिश अधिकाऱ्यांना तपासणीचा अधिकार देणारा करार झालेला नव्हता. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स या चार देशांनी जुलै २०२०मध्ये तो केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परतीची थेट गाडी निघाली. येथे उद्योगाची निकड कितीही असली, तरी कराराची शाई वाळेपर्यंत थेट गाडी थांबली. अधिकाराशिवाय तपासणी नाही आणि तपासणीशिवाय प्रवेश नाही, हे पथ्य तेथील शासनांनी पाळले.

युरोपच्या मुख्य भूमीवर मात्र प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. २६ मार्च १९९५पासून शेंगेन करारातील देशांनी आपसांतील सीमांवरील तपासणी उठवली. पूर्वी चालत्या गाडीत डब्याडब्यांतून पारपत्रे पाहत फिरणारे अधिकारी हे युरोपातील नेहमीचे दृश्य होते. ते नाहीसे झाले. तरीही फ्रान्सने सीमेलगतच्या २० किलोमीटर पट्ट्यात आणि आंतरराष्ट्रीय गाड्यांत ओळखपत्र तपासण्याचा अधिकार पोलिसांकडे ठेवला होता. २२ जून २०१० रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की, पोलिसांना तपासणीचा अधिकार असू शकतो, परंतु उठवलेली सीमातपासणी मागील दाराने पुन्हा आणण्याइतका तो मोकाट असता कामा नये. तिची वारंवारता आणि तीव्रता यांना कायद्याची चौकट हवी.

पुढे २०१५च्या स्थलांतराच्या लाटेने हीच मुक्त सीमा डळमळली. ४ जानेवारी २०१६पासून स्वीडनने डेन्मार्कमधून येणाऱ्या गाड्यांतील प्रवाशांची ओळखपत्रे पाहण्याचे दायित्व वाहतूक कंपन्यांवर टाकले. ओरेसुंड पुलावरून रोज कामाला जाणाऱ्या सामान्य माणसाला कास्ट्रुप स्थानकावर रांगेत उभे राहावे लागले. ही सक्ती मे २०१७मध्ये उठली. सीमाच नको म्हणणाऱ्यांना सीमेची आठवण झाली आणि तिचा भार अखेर नियम पाळणाऱ्या नागरिकाने वाहिला. आधी विचार न करता दरवाजे काढून टाकले, की संकटसमयी ते घाईघाईने आणि वेडेवाकडे बसवावे लागतात.

आता भारतीय कायद्याकडे वळू. १९६२च्या सीमाशुल्क अधिनियमात वाहनाच्या व्याख्येत रेल्वेच्या वाहनाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे तस्करीचा वाजवी संशय असल्यास गाडी थांबवून डब्याची झडती घेण्याचा अधिकार योग्य अधिकाऱ्याला मिळतो. परंतु त्याच अधिनियमाने प्रवाशालाही संरक्षण दिले आहे. अंगझडती घेण्यापूर्वी आपल्याला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे, अशी मागणी तो करू शकतो; आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी, असा दंडक आहे. हे संरक्षण परक्या देशाच्या नागरिकालाही आहे. भारतभूमीवर पाऊल ठेवणाऱ्या स्त्रीची अप्रतिष्ठा होऊ नये, ही कायद्याची अट आहे. ती या समाजाच्या संस्काराशी जुळणारी आहे.

देशात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांविषयीचा कायदा मात्र दीर्घकाळ विखुरलेला होता. १९२०, १९३९ आणि १९४६ या ब्रिटिश राजवटीतील तीन अधिनियमांवर आणि २०००च्या वाहकविषयक अधिनियमावर तो उभा होता. त्या चौथ्या अधिनियमाने योग्य कागदपत्रांशिवाय प्रवासी आणणाऱ्या वाहकाला दंड ठेवला, परंतु त्याचा रोख जलमार्ग आणि हवाईमार्ग यांवरच होता. २०२५च्या आप्रवासन आणि परकीय नागरिकविषयक अधिनियमाने या चारही कायद्यांची जागा घेतली आणि तो १ सप्टेंबर २०२५पासून लागू झाला. त्यात वाहकाची व्याख्या भूमार्गापर्यंत विस्तारली आहे. बनावट पारपत्र किंवा व्हिसा वापरणाऱ्याला दोन ते सात वर्षांचा कारावास आणि एक ते दहा लाख रुपये दंड अशी शिक्षा ठेवली आहे. प्रवेशाविषयी आप्रवासन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक मानला आहे. अधिकार इतका निर्णायक झाल्यावर तो वापरणाऱ्याचे प्रशिक्षण, त्याने ठेवलेली नोंद आणि त्याच्यावरील देखरेख हीदेखील तितकीच काटेकोर असली पाहिजे. मेजापलीकडे उभ्या असलेल्या प्रवाशाजवळ त्या क्षणी दुसरा कोणताही आधार नसतो.

सगळ्या सीमा एकाच मापाने मोजता येत नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २ एप्रिल २०२२ रोजी बिहारमधील जयनगर आणि नेपाळमधील कुर्था यांच्या दरम्यानच्या सुमारे ३५ किलोमीटर मार्गावरील प्रवासी गाडीचे उद्घाटन झाले. ही गाडी जनकपूरला, सीतामाईच्या माहेराला, जाते. १९५०च्या करारामुळे भारत आणि नेपाळ यांचे नागरिक व्हिशावाचून ये-जा करतात. तेथे अटारीसारखी तपासणी बसवणे म्हणजे रोटी-बेटी व्यवहार करणाऱ्या दोन समाजांच्या मध्ये भिंत घालणे ठरेल. मात्र तेथेही ओळखपत्र लागते, कारण दोघांसाठी उघडलेल्या दारातून तिसऱ्याने शिरू नये. जिव्हाळ्याच्या शेजाऱ्याकडेही माणूस ओळख देऊनच आत जातो.

या सर्व अनुभवांतून काही सूत्रे हाती लागतात. तपासणीची जागा सीमेवरच असली पाहिजे असे नाही. ती अशी असावी, की जेथे धोका गाडीत चढतो तेथेच तो रोखला जाईल. अधिकार कोणाचा आणि कोठवर, हे गाडी सुटण्यापूर्वी लिहिलेले असावे. दोन कायद्यांच्या मध्ये राहिलेली फट कुंपणातील भोकापेक्षा कमी धोकादायक नसते. घुसखोर आणि शरणार्थी यांच्यातील भेद अधिकाऱ्याच्या मर्जीवर न राहता कायद्यात असावा. आणि कठोरपणा व सौजन्य ही परस्परविरोधी मूल्ये नाहीत. ज्या अधिकाऱ्याचा अधिकार स्पष्ट असतो, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

नागरिकाचेही यात कर्तव्य आहे. स्थानकावरील तपासणीत दहा मिनिटे गेली म्हणून कुरकुर करणारा आणि सुरक्षेत त्रुटी राहिली म्हणून शासनाला धारेवर धरणारा मनुष्य अनेकदा एकच असतो. पेटी उघडून दाखवणे, कागद नीट ठेवणे, संशयास्पद वस्तू दिसल्यास तत्काळ कळवणे ही राष्ट्ररक्षणाची साधी कामे आहेत. त्याचबरोबर कायद्याने दिलेले आपले हक्क जाणून घेणे आणि कोणाचा अवमान होत असल्यास शांतपणे नियमाकडे बोट दाखवणे हेही कर्तव्यच आहे. बंद पडलेल्या गाड्या उद्या सुटतील किंवा सुटणार नाहीत. तो निर्णय परिस्थितीवर आणि शासनावर अवलंबून राहील. परंतु ज्या दिवशी त्या सुटतील, त्या दिवशी पहिल्या फलाटावरची व्यवस्था आणि तेथे उभा असलेला नागरिक हे दोघेही सिद्ध असले पाहिजेत.